साखरेचा हिशेब

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले व्याख्यान)



या समारंभात चार शब्द बोलावेत असे चिटणीसांनी सुचविले, तेव्हा आम्ही प्रथम काचकूच केली. आमचा पेशा शिक्षकाचा. मुलांपुढे उभे राहण्याची सवय आहे. ज्यांनी आम्हांला पुस्तके आणि फीचे पैसे देऊन शिकविले, त्यांच्यापुढे उभे राहण्याची नाही. या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर आम्ही पदवी घेतली, बी.एड. झालो. म्हणून ऋण म्हणूनच आम्ही येथे उभे आहोत. हे ऋण मात्र आनंदाचे आहे, कारण ते देताना कोणी आम्हांला बांधून घातले नव्हते. ज्या ऋणात माणूस बांधला जातो, त्याविषयी आज बोलायचे आहे.

दारातून आत येताना स्वयंसेवकांनी प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला. शुभप्रसंगी तोंड गोड करणे ही आपली जुनी रीत. लग्न ठरले की साखरपुडा, मूल पास झाले की पेढे. आमच्या घरी ईदच्या सकाळी शीरखुर्मा, आणि तो शेजारच्या चार घरी पोहोचल्याशिवाय अम्मी आम्हांला वाटी देत नसे. साखरेवाचून आपला आनंद पुरा होत नाही. आणि ही साखर येते कोठून? लांबून नव्हे. आपल्या बेळगाव जिल्ह्यातून, शेजारच्या कोल्हापूर-सांगलीकडून. आपल्यापैकी कित्येकांची शेती उसाची आहे. आमच्या अब्बांचाही नदीकाठी दोन एकर ऊस होता. तेव्हा आज दुसऱ्या कोणाची उणीदुणी काढायला आम्ही आलो नाही. हा हिशेब आपल्याच घरचा आहे.

दसरा-दिवाळी झाली की कारखान्याचा बॉयलर पेटतो आणि आपल्या रस्त्यांवर बैलगाड्या, ट्रॅक्टर दिसू लागतात. बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागातून ऊसतोडीची कुटुंबे येतात. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा आला तर तो अर्धा कोयता. माणसांची मोजदाद हत्याराने होते, यातच पुष्कळ काही आले. कारखान्याजवळ किंवा गावाबाहेरच्या माळावर पाचटाच्या खोप्या उभ्या राहतात. पहाटे चारला फडात जायचे, ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. पाच-सहा महिने हे चालते. यांना कारखान्याने नेमलेले नसते. नेमणारा मुकादम. त्याने गावी जाऊन पावसाळ्यातच प्रत्येक कोयत्याला उचल दिलेली असते. मुकादमाला पैसे मिळतात वाहतूक ठेकेदाराकडून, ठेकेदाराला कारखान्याकडून. कारखान्याची साखर जाते व्यापाऱ्याकडे, तेथून मिठाईवाल्याकडे, शीतपेयाच्या कंपनीकडे, औषधाच्या कारखान्याकडे, आणि शेवटी आपल्या हातावरच्या पेढ्यात. या साखळीतली प्रत्येक कडी मागच्या कडीकडे बोट दाखवते आणि म्हणते, “मजुराचे आम्हांला काही ठाऊक नाही.”

येथे आमची एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगायला आम्हांला संकोच वाटतो, तरी सांगतो.

सुमारे पंधरा वर्षे झाली. आम्ही तेव्हा सीमेवरच्या एका खेड्यातल्या मराठी शाळेत होतो. हंगामात खोप्यांवरची काही मुले शाळेत येऊन बसत. कोणी आठवडाभर, कोणी महिनाभर. त्यांत अकरा वर्षांची एक मुलगी होती. नाव सांगत नाही. गणितात तल्लख. पाढे तिला तिसाच्या पुढे येत. एक दिवस ती शाळा सुटल्यावर थांबली आणि म्हणाली, “सर, एक हिशेब मांडून द्या. मुकादम सांगतो तो बरोबर आहे का, ते बघायचंय.”

आम्ही तिला फळ्यापाशी घेतले. तिने आकडे सांगितले, आम्ही लिहिले. बापाने घेतलेली उचल पन्नास हजार. तोडणीचा दर टनाला दोनशे. आईबाप मिळून दिवसाला दोन टन तोडत. म्हणजे दिवसाचे चारशे. सत्तर दिवस काम झाले. अठ्ठावीस हजार फिटले. पण आठवड्याच्या बाजाराला मुकादम पाचशे रुपये खर्ची देई, तिचे अकरा आठवड्यांचे साडेपाच हजार वर चढले. आई तापाने पडली, आठ दिवस खाडा झाला. खाड्याचा दंड दिवसाला पाचशे, म्हणजे चार हजार. दवाखान्याला मुकादमाने दिले दोन हजार. एकूण देणे साडेएकसष्ट हजार, फेड अठ्ठावीस हजार. बाकी तेहतीस हजार पाचशे.

“मुकादमाचा आकडा बरोबर आहे,” आम्ही म्हणालो. तिने मान हलविली आणि वहीचे पान घडी करून दप्तरात ठेवले. मग सहज सांगावे तसे तिने सांगितले. आईला गावी न्यायला बाप निघाला, तेव्हा मुकादमाने पोरीला आणि तिच्या धाकट्या भावाला ठेवून घेतले होते. बाकी आणून दिली की पोरे परत. तोवर ती दुसऱ्या एका कोयत्याबरोबर फडात मोळ्या बांधीत होती. शाळेत त्या दिवशी ती केवळ हिशेबासाठी आली होती.

आम्ही अस्वस्थ झालो, हे खरे. वडीलधाऱ्यांना विचारले. एक म्हणाले, “त्यांचा आपसातला व्यवहार आहे, घेतलेले पैसे द्यायला नकोत का?” दुसरे म्हणाले, “मास्तर, तुमच्या अब्बांचा ऊस अजून उभा आहे. टोळी बिथरली तर तोडणार कोण?” हे दुसरे वाक्य आमच्या जिव्हारी लागले, कारण त्यात तथ्य होते. आम्ही गप्प राहिलो. महिन्याभराने बाप आला. त्याने दुसऱ्या मुकादमाकडून पुढच्या वर्षाची उचल घेऊन या मुकादमाची बाकी फेडली होती. पोरे घेऊन तो गेला. हजेरीपटात आम्ही त्या मुलीच्या नावापुढे “सतत गैरहजर” असे लिहिले आणि पुढे नाव कमी केले.

काही वर्षांनी एका कायदा साक्षरता शिबिरात आम्ही शिक्षक म्हणून गेलो. तेथे एका वकिलांनी वेठबिगार पद्धतीच्या निर्मूलनाचा १९७६ चा कायदा समजावून सांगितला, आणि आमच्या पायाखालची जमीन सरकली. त्या फळ्यावरचे आमचे उत्तर चुकले होते. बेरीज-वजाबाकी बरोबर होती, पण उत्तर तेहतीस हजार पाचशे नव्हते. कायद्याने ते शून्य होते.

तो कायदा काय सांगतो, ते थोडक्यात सांगतो, कारण तो प्रत्येक शिक्षकाला आणि प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असावयास हवा. उचल देऊन जर माणसाचे हिंडण्याफिरण्याचे किंवा दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य हिरावले, किंवा किमान वेतनाहून कमी पैशात त्याला राबविले, तर ती वेठबिगारी होय. असा करार रद्दबातल. असे कर्ज फिटलेले समजावयाचे. ते वसूल करणे हाच गुन्हा. वाद निघाला तर हे वेठबिगारीचे कर्ज नाही, असे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकाराची. मजुराची नव्हे. अशा माणसांचा शोध घेऊन त्यांना मुक्त करण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविलेले आहे आणि त्यांच्या मदतीला दक्षता समित्या असाव्यात असेही त्यात म्हटले आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या योजनेत मुक्त झालेल्या प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रियांना व बालकांना दोन लाख आणि अत्यंत हालअपेष्टांत सापडलेल्यांना तीन लाख रुपयांपर्यंत पुनर्वसनाची तरतूद केली गेली. म्हणजे त्या मुलीने तेहतीस हजार देणे लागण्याऐवजी तिलाच सरकारकडून मदत मिळावयास हवी होती. आणि आम्ही, पदवीधर, प्रशिक्षित शिक्षक, तिला मुकादमाचा आकडा बरोबर असल्याचे प्रमाणपत्र देऊन मोकळे झालो होतो!

बंधुभगिनींनो, वेठ हा शब्द आपल्याला नवा नाही. संस्कृतातल्या ‘विष्टि’पासून तो आला आणि फारसीतल्या ‘बेगार’शी जोडला जाऊन ‘वेठबिगार’ झाला. आमच्या घरात दखनी, शाळेत मराठी आणि कचेरीत कन्नड. या तिन्ही ठिकाणी आम्ही बेगार हा शब्द ऐकला आहे. भारताच्या राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदात माणसांचा व्यापार आणि बेगार यांना मनाई आहे आणि तेथे इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हाच शब्द जसाच्या तसा ठेवला आहे. घटनाकारांना या दुःखासाठी परका शब्द पुरेसा वाटला नसावा.

साखरेचा आणि सक्तीच्या मजुरीचा संबंध तर फार जुना. वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत आणि ती साखर इंग्लंडच्या चहात पडे. १७९१ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव ब्रिटिश संसदेने फेटाळला, तेव्हा हजारो कुटुंबांनी, विशेषतः गृहिणींनी, ती साखर घरात आणणे बंद केले. व्यापारबंदीचा कायदा व्हायला १८०७ साल उजाडले आणि गुलामी रद्द करण्याचा कायदा १८३३ मध्ये झाला. त्या कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली, पण ती गुलामांच्या मालकांना. राबलेल्यांना एक छदामही मिळाला नाही.

गुलाम सुटले. ऊस मात्र उभाच होता. मग मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. १८३४ पासून करारावर मजूर मॉरिशसला जाऊ लागले. ‘ॲग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले आणि जाणारा ‘गिरमिटिया’. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपले मराठी बोलणारे लोकही होते. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये आहेत. या पद्धतीविरुद्ध कायदेमंडळात झगडणारे गोपाळ कृष्ण गोखले हे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले आणि कोल्हापुरात शिकलेले. १९१० मध्ये त्यांनी नाताळला मजूर पाठविणे बंद करावे असा ठराव मांडला. मार्च १९१२ मध्ये ही सारी पद्धतच रद्द करावी असा ठराव मांडला. सरकारी मतांच्या जोरावर तो पडला. गोखले १९१५ मध्ये वारले आणि गिरमिटाची भरती थांबली १९१७ मध्ये. त्यांचा ठराव पडला म्हणून तो वाया गेला असे कोणी म्हणेल काय? अशा कामात पहिला ठराव पडतोच. तो मांडणारा मात्र कोणीतरी लागतो.

त्या काळच्या मळेवाल्याचा बचाव काय होता? मजुराने करारावर स्वखुशीने अंगठा केला, भरती करणाऱ्या दलालाने काय सांगितले ते आम्हांस ठाऊक नाही. आज शंभर वर्षांनंतर हाच बचाव आपण आपल्या कानांनी ऐकतो. तो बचाव भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये नाकारला, ही अभिमानाची गोष्ट आहे. दिल्लीत एशियाड खेळांसाठी बांधकामे चालू होती. ठेकेदारांचे मजूर किमान वेतनाहून कमी पैशात राबत होते. एका नागरी हक्क संघटनेने न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिले आणि त्या पत्राचीच याचिका झाली. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, भूक आणि दारिद्र्य यांचा रेटा हीदेखील सक्तीच. त्या रेट्याखाली किमान वेतनाहून कमी घेऊन कोणी राबत असेल, तर तेविसाव्या अनुच्छेदाने मनाई केलेली ती वेठच होय. दुसरी अशी की, मजूर ठेकेदाराचे आहेत असे सांगून काम करवून घेणाऱ्याला हात झटकता येणार नाहीत. पुढे फरीदाबादच्या दगडखाणींच्या प्रकरणात न्यायालयाने असेही म्हटले की, सक्तीची मजुरी दिसली की तिच्यामागे उचल आहे असे गृहीत धरावे. मालकाला तसे नसल्याचे दाखविता आले तर त्याने दाखवावे.

मग कोणी विचारील, कायदा आहे, निकाल आहे, आणखी काय पाहिजे? याचे उत्तर असे की, आपला कायदा पकडतो तो साखळीच्या अगदी शेवटच्या कडीला. पकडला गेलाच तर मुकादम पकडला जातो आणि तोही पुष्कळदा कालचा ऊसतोड्याच असतो. ज्यांच्या पैशातून उचल निघते आणि ज्यांच्या नफ्यात ती मजुरी मुरते, त्यांना कोणी काही विचारीत नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०२१ सालासाठी केलेल्या अंदाजानुसार जगात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या मजुरीत अडकलेली होती. तिच्याच २०२४ च्या अंदाजाप्रमाणे या मजुरीतून वर्षाला २३६ अब्ज डॉलरचा बेकायदा नफा होतो. इतका पैसा एकट्या मुकादमांच्या कनवटीला नक्कीच नाही.

इतर देशांनी या प्रश्नाला तीन तऱ्हांनी हात घातला आहे. पहिली तऱ्हा जाहीर निवेदनाची. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये, ब्रिटनने २०१५ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये असे कायदे केले. मोठ्या कंपनीने आपल्या पुरवठ्याच्या साखळीत गुलामी नाही ना, हे पाहण्यासाठी काय केले ते छापावे. ब्रिटनच्या कायद्यात एक गंमत आहे. “आम्ही काहीच केले नाही” एवढे छापले तरी कायदा पाळला गेला असे होते! गृहपाठ केला नाही, असे वहीवर लिहून आणणाऱ्या मुलाला आपण पास करीत नाही. दुसरी तऱ्हा कर्तव्याची. फ्रान्सने २०१७ मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यांनी मोठ्या कंपन्यांवर साखळीतला धोका शोधण्याची आणि तो दूर करण्याची जबाबदारी टाकली. तिसरी तऱ्हा नाकाबंदीची. सक्तीच्या मजुरीचा माल देशात येऊच द्यायचा नाही. अमेरिकेत १९३० पासून तसे कलम आहे. पण देशाची गरज भागत नसेल तर असा माल आणण्याची मुभा त्यात होती. ती पळवाट २०१६ मध्ये बुजविली गेली. युरोपीय संघाने असा माल विकण्यास बंदी घालणारा नियम २०२४ मध्ये केला. तो डिसेंबर २०२७ पासून लागू करावयाचा ठरला आहे.

हे परदेशी कायदे म्हणजे आपल्या व्यापाराला घातलेले अडथळे आहेत, असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. त्यात थोडे तथ्य असेलही. श्रीमंत देश कायदे करताना आपला फायदा विसरत नाहीत. पण मग उपाय काय? आपल्या मजुराची चौकशी परक्या ग्राहकाने करावी आणि आपण मान खाली घालून उभे राहावे, हा? त्यापेक्षा आपला कायदा आपणच करावा. आणि तो केवळ निर्यातीच्या साखरेपुरता नसावा. लंडनच्या बशीतली साखर निष्कलंक हवी आणि आपल्या पेढ्यातली कशीही चालेल, हे आपल्या स्वाभिमानाला शोभणारे नाही.

आपल्याकडे सुरुवात झालेली नाही असे नाही. शेअरबाजारात नोंदलेल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून आपल्या कामगारांविषयी, त्यात सक्तीच्या मजुरीच्या तक्रारींविषयीही, अहवाल देणे बंधनकारक झाले. पण सहकारी साखर कारखाना शेअरबाजारात नसतो, मुकादम तर नसतोच नसतो. परराज्यांतून आलेल्या मजुरांसाठी १९७९ मध्ये वेगळा कायदा झाला होता. आता तो २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला असून ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. माणसांच्या व्यापाराविरुद्ध सर्वंकष कायद्याचे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले, पण राज्यसभेत मंजूर न होताच २०१९ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले. असे तुकड्यातुकड्यांनी चालले आहे आणि मजूर तुकड्यांच्या मधल्या फटीत पडतो. आपल्या सीमाभागात तर ही फट आणखी रुंद. मजूर एका राज्याचा, फड दुसऱ्या राज्यात. तक्रार कोठे करायची, येथूनच प्रश्न.

फटीत पडणे म्हणजे काय, हे एका आकड्याने सांगतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जातात, अशी ओरड झाल्यावर २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कारणे अनेक असतील. पण ज्या पद्धतीत आजारपणाच्या दिवसाला दंड आहे, त्या पद्धतीत बाईचे शरीर हेच खाड्याचे कारण ठरते. फळ्यावर आम्ही लिहिलेले ते चार हजार आम्हांला आजही दिसतात.

मग आपण मागावे काय? आमच्या अल्पबुद्धीप्रमाणे पाच गोष्टी सांगतो. पहिली, ज्या कारखान्याचा ऊस तो तोडतो, त्या कारखान्याच्या नोंदवहीत प्रत्येक मजुराचे, बायकोचे वेगळे, नाव असावे आणि त्याच्या हातात ओळखपत्र असावे. ‘कोयता’ ही नोंद बंद व्हावी. दुसरी, उचल दिली तर ती लेखी, मजुराच्या खात्यात आणि ठराविक मर्यादेत. खाड्याच्या दंडाला कायद्याने स्पष्ट मनाई. तिसरी, हंगामाच्या मध्यावर आणि शेवटी प्रत्येकाला हिशेबाची चिठ्ठी. किमान वेतनाहून कमी भरले तर फरक कारखान्याने द्यावा. चौथी, साखर घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी ती कोणत्या कारखान्याची, हे जाहीर करावे आणि तेथे वेठ आढळली तर सुधारणेचा खर्च उचलावा. गडबड दिसताच खरेदी बंद करून पळून जाणे हा उपाय नव्हे. त्याने भुकेला मजूरच आधी मरतो. पाचवी, तक्रार करणाऱ्या मजुराला दोन्हींपैकी कोणत्याही राज्यात दाद मागता यावी.

शेतकरी म्हणतील, आमच्याच उसाला भाव नाही, हा बोजा आमच्यावर कशाला? आम्ही शेतकऱ्याच्याच घरचे आहोत. आमचे म्हणणे एवढेच की, सगळ्यांना सारखा कायदा असला म्हणजे चांगला वागणारा बुडत नाही. आज जो कारखाना मजुराला नीट वागवील त्याचा खर्च वाढतो आणि न वागविणारा स्वस्तात विकतो. कायदा नसणे हीच चांगल्या माणसाला शिक्षा होऊन बसते. शिवाय बोजा साखळीच्या वरच्या टोकापर्यंत वाटला गेला, तर एका किलोमागे तो फार थोडा पडेल. एकट्या कोयत्यावर पडतो, तेव्हाच तो माणूस मोडतो.

आता थोडे आपल्या संस्थेविषयी. आपली संस्था दानधर्माची. आमच्या धर्मात जकात आहे. मराठीत जकात म्हटली की नाका आठवतो, म्हणून खुलासा केला पाहिजे. ही जकात म्हणजे मिळकतीतला गरिबांचा हक्काचा वाटा. तिच्या खर्चाच्या आठ बाबी सांगितलेल्या आहेत. त्यांत गरीब आहेत, वाटसरू आहेत, तसेच कर्जात बुडालेला माणूस आहे आणि दास्यात अडकलेल्याची सुटका आहे. शेवटच्या बाबीवर पोहोचलो की आमचे अब्बा म्हणत, “आता गुलाम राहिले कुठे? ही बाब सुटली.” बोलताना ते ओसरीवर बसलेले असत आणि समोरच्या बांधावरून टोळी फडाकडे जात असे. त्यांनाही दिसले नाही, आम्हांलाही दिसले नाही. वाईट हेतूने नव्हे. रोजचे झाले म्हणून.

दान हे माणसाला आजचा दिवस काढून देते. उद्याच्या सकाळी त्याला पुन्हा मुकादमाच्या दारात जावे लागू नये, ही सोय कायद्याची. म्हणून दान आणि कायदा यांत आम्ही भेद मानीत नाही. एक दुसऱ्यावाचून लंगडे. संस्थेने पन्नास वर्षे पुस्तके वाटली, औषधे दिली, आमच्यासारख्यांना उभे केले. एक्कावन्नाव्या वर्षासाठी आमची तीन नम्र मागणी आहेत. हंगामात खोप्यांच्या वस्तीजवळ आठवड्यातून एकदा हिशेब तपासून देणारे टेबल मांडावे. तेथे बसायला आम्ही आणि आमचे सहकारी शिक्षक तयार आहोत. जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहून दक्षता समितीची बैठक केव्हा होते, तीत काय ठरते, हे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत विचारीत राहावे. आणि आजच्या सभेत पुरवठ्याच्या साखळीतल्या वेठबिगारीविरुद्ध स्वतंत्र कायदा व्हावा असा ठराव करून तो आपल्या भागाच्या आमदार-खासदारांकडे, दोन्ही राज्यांत, पाठवावा. ठराव एकट्याने काही होणार नाही, हे आम्ही जाणतो. पण गोखल्यांचाही पहिल्या दिवशी झाला नव्हता.

ती मुलगी आता पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल. कोठे असेल, कोणाच्या कोयत्यातली दुसरी अर्धी झाली असेल, की आणखी काही, आम्हांस ठाऊक नाही. एवढे ठाऊक आहे की येत्या दिवाळीनंतर कोणत्यातरी शाळेत कोणीतरी पोर मास्तरांना थांबवून म्हणेल, “सर, एक हिशेब मांडून द्या.” त्या मास्तरांना बरोबर उत्तर यावे आणि ते सांगण्याची हिंमत त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या गावाकडून मिळावी, एवढ्याचसाठी आम्ही आपला वेळ घेतला.